श्रमदानाचा तास

"मास्तर, उठा. ही पाहुण्यांची पंगत हाय."

आप्पासाहेब माझ्या डोक्यावर उभे होते. माझ्या हातात पुरीचा तुकडा होता. वांग्याच्या रश्श्यात बुडवलेला. तोंडाकडं निघालेला. तो तिथंच थांबला.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं मोठं लॉन. संस्थेच्या सगळ्या शाळांतले शिक्षक सकाळपासून तिथं राबत होते. आठ दिवस आधीच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली होती. फेटे कोण बांधणार, पार्किंगला कोण, अक्षता कोण वाटणार. माझं नाव होतं वाढप्यांच्या तिसऱ्या गटात. चोवीस वर्षं गणित शिकवलं आणि माझ्या वाट्याला मठ्ठा आला.

मठ्ठ्याचा जग घेऊन मी पंगतीतून फिरत होतो. भारतीय बैठक, पुढं चौरंग, स्टीलची ताटं. चौथी पंगत बसली होती. कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. बघतो तर माझा जुना विद्यार्थी, संस्थेच्या बोर्डिंगातला. आता सोलापूरला सरकारी इंजिनिअर आहे. त्यानं माझ्या हातातला जग काढून बाजूला ठेवला आणि बायकोला म्हणाला, "हे आमचे सर. हे नसते तर मी आज कुठंतरी शेरडं राखत असतो." मला ओढून शेजारी बसवलं. "सकाळपासून उभे आहात. दोन घास खा माझ्यासंगं." मी नको म्हणालो. पण खरं सांगतो, फार जोरात नको म्हणालो नाही. भूक लागली होती. आणि बरंही वाटलं होतं. चारचौघांत आपला विद्यार्थी आपल्याला शेजारी बसवतो, याचं कुणाला बरं वाटत नाही?

ताट वाढलं गेलं. मसालेभात, वांग्याची भाजी, दोन पुऱ्या, जिलेबी. मी पहिला घास मोडला. आणि ते वाक्य आलं.

मी इंजिनिअरकडं पाहिलं. त्यानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. "मीच बसवलं त्यांना," एवढंच म्हणाला.

"तुमी बसा हो. तुमी पाहुणं. मास्तर घरचंच हायती, ते मागनं जेवतील." मग माझ्याकडं वळून, आवाज जरासुद्धा न चढवता, पण शेजारच्या दहा ताटांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मास्तर, बापाबरोबर मेंढरांमागं उभ्यानंच खाल्लं की तुमी. आजच मांडी घालायची घाई झाली व्हय?"

चार माणसं हसली. त्यांची तोंडं मला आजही ओळखता येतील.

मी काय म्हणालो? "चुकलं, आप्पासाहेब." हे माझे शब्द. माझ्याच तोंडचे. उठलो. धोतर असतं तर झटकलं असतं, पँट होती, ती झटकली. भरल्या ताटावरून कुत्र्यालासुद्धा उठवू नये म्हणतात. मला उठवलं आणि मी माफी मागून उठलो.

अजून संपलं नव्हतं. माझ्या बोर्डिंगातली दहावीची चाळीस पोरं त्या दिवशी उष्टी ताटं उचलायला आणली होती. मीच आणली होती. त्यांत दत्ता होता. वर्गाचा मॉनिटर, गणितात पहिला. त्याला सांगितलेलं होतं की माणूस उठला की लगेच ताट उचलायचं, जागा मोकळी करायची. तो टब घेऊन आला. माझं भरलेलं ताट त्यानं उचललं आणि टबात पालथं केलं. माझ्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. मी जग उचलला आणि पुढं निघालो. "मठ्ठा घ्या, मठ्ठा." माझा आवाज मलाच ऐकू येत होता.

*

माझा जन्म मेंढपाळाच्या घरातला. जळोचीला आता आमच्या दोन खोल्या आहेत, थोडं रान आहे. पण माझ्या लहानपणी आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं, पाऊस लागायच्या आत परत. माझ्या वडिलांना, आबांना, अक्षर येत नव्हतं. दिवस मावळायला ते वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि मेंढरं जोडीजोडीनं आत सोडायचे. प्रत्येकीच्या पाठीला हात लागायचा. दोनशेत एक कमी असली तरी त्यांना कळायचं. माझं गणित तिथलं. पुस्तकातलं नंतरचं.

पाचवीला आबांनी मला या बोर्डिंगात आणून घातलं. अंगात एक सदरा, हातात पत्र्याची ट्रंक, आत काही नाही. बोर्डिंग काढलं होतं आप्पासाहेबांच्या वडिलांनी. त्यांना सगळे थोरले आप्पा म्हणत. रानातल्या, फिरत्या, उपाशी लोकांच्या पोरांसाठी त्यांनी ते काढलं. रोज दुपारी चार ते पाच श्रमदानाचा तास. घंटा झाली की मातीची पहिली पाटी थोरले आप्पा स्वतः उचलायचे. बोर्डिंगची विहीर पोरांनी खणली. तिच्यातला मुरूम मीही वाहिला. जेवायला ते आमच्याच रांगेत बसायचे, शेवटी, आमटी पुरली तर पुरली. मी कुणाला फुकटचं मोठेपण देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी बी.एड. होऊन आलो तेव्हा ते थकले होते. मला म्हणाले, "तू हितंच ऱ्हा. तुझ्यासारखीच पोरं येत्यात. त्यांचं दुखणं तुलाच कळंल." मी राहिलो. दिवसा गणिताचा शिक्षक, बाकी सगळा वेळ रेक्टर. लग्न झालं, बायको जळोचीला आईपाशी. शनिवारी एस.टी.नं घरी जायचं, रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला परत. संसार असा चोवीस वर्षं आठवड्यातून एक दिवस केला.

एकशेसाठ पोरं. कुणाला खरूज, कुणाला ताप. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, तिची आठवण आली की पोरगं भिंतीकडं तोंड करून बसायचं. पाचवीतली काही अंथरूण ओलं करायची. बाकीची पोरं उठायच्या आत मी ती अंथरुणं विहिरीवर नेऊन धुवायचो, म्हणजे कुणी चिडवायला नको. नखं कापली. केस कापले. प्रार्थनेला जाताना दारात उभा राहून जोडीजोडीनं आत सोडायचो, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. हजेरी घेतलीच नाही कधी. एक डोकं कमी असलं तर हाताला कळायचं. लोक मला आदर्श शिक्षक म्हणायचे. मलाही ते पटलं होतं. तिथंच माती खाल्ली.

*

थोरले आप्पा गेले आणि आप्पासाहेब आले. श्रमदानाचा तास तसाच राहिला. फक्त त्याची जागा बदलत गेली.

आधी बोर्डिंगचं आवार झाडायचं होतं. मग संस्थेच्या ऑफिसचं. मग ऑफिसशेजारचा आप्पासाहेबांचा बंगला, कारण कंपाऊंड एकच. मग त्यांची डाळिंबाची बाग. "पोरांना शेतीचा अनुभव मिळतो," असं आप्पासाहेब सभेत म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बागेतनं पुढं घरातली कार्यं. बारसं, वाढदिवस, मांडव, जागरण. खुर्च्या मांडायला पोरं. पत्रावळ्या उचलायला पोरं. मोटारी धुवायला पोरं. आप्पासाहेबांचा स्वतःचा मुलगा बारामतीला इंग्रजी शाळेत जायचा. त्याला कधी कुणी पाटी उचलायला लावलेली मी पाहिली नाही.

आणि ही पोरं निवडायचं कोण? मी. शिपाई निरोप घेऊन यायचा, 'पंधरा पाठवा', 'वीस पाठवा', आणि मी दारात उभा राहून पंधरा डोकी बाजूला काढायचो. दांडगी, निमूट, उलट न बोलणारी. वर भाषण करायचो. "श्रमाची लाज बाळगू नका. थोरल्या आप्पांनी पाटी उचलली, तुमची काय कथा?" पोरं ट्रॉलीत चढायची. जाताना काही तर मला नमस्कार करून जायची.

एकदा एका पोराचा बाप आला. भिगवणकडचा, मासेमारी करणारा. पोराच्या हाताला डाळिंबाचे काटे लागून पू झाला होता. बाप दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "गुरुजी, काटंच काढायचं हुतं तर माज्या घरी काय कमी हुतं? हितं लिवाय-वाचायला घातला हाय की ओ त्याला."

मी त्याला काय बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "आयतं जेवायला मिळतंय पोराला, तर जरा हात हलवले म्हणून काय झालं? पटत नसेल तर दाखला घेऊन जा."

तो माझ्या पाया पडला. "चुकलं गुरुजी," म्हणाला. आणि गेला. त्या दिवशी मी भाकरी पोटभर खाल्ली. मला काही टोचलं नाही. पांढरे कपडे, खिशाला पेन, तोंडात थोरल्या आप्पांचं नाव. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपणाला त्याची ढेकरसुद्धा येत नव्हती.

*

लग्नाच्या दिवशी चार वाजता पोरांना घेऊन मी ट्रॉलीतनं परत निघालो. पोरांच्या अंगाला रश्श्याचा वास येत होता. मी पत्र्याला टेकून उभा होतो आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हतो. निमगाव गेल्यावर दत्ता माझ्याजवळ सरकला. पोरांना रोजचं श्रमदान वहीत लिहावं लागतं, एक ओळ. ते त्यानं विचारलं.

"सर, आजचं काय लिहायचं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि सुटलो असतो. तो खरंच विचारत होता.

"श्रमदान लिही," मी म्हणालो.

"व्हय सर," तो म्हणाला.

त्या शनिवारी मी जळोचीला गेलो. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. ग्रुपवर मुख्याध्यापकांचा मेसेजही आला होता, 'सर्व शिक्षकबंधूंनी लग्नात उत्तम सेवा दिली'. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले होते. बायकोनं भाकरी वाढली, पुढ्यात बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा आप्पासाहेबांना शिव्या घालेल. मी तयारीतच होतो. मला कुणीतरी कुरवाळायला हवं होतं.

ती म्हणाली, "तुमी उठला ते उठला. तुमचं वय झालंय, तुमाला कळत हुतं काय चाललंय ते. पर पोरास्नी उष्टं काढाय कशाला न्हेलं हुतं?"

"अगं, श्रमदान..."

"कुणाचं दान? कुणी दिलं? त्यांनी दिलं का तुमी काढून घेतलं?"

मी भाकरी मोडत राहिलो. ती पुढं म्हणाली, "तुमाला ताटावरनं उठवलं म्हणून आज आग लागली. पोरास्नी तर ताटावर बसूच दिलं न्हाई कुणी. चोवीस वर्सं." आणि उठून चुलीकडं गेली.

मी तिच्यावर चिडलो. आधी चिडलोच. रानात जाऊन उगाच बांधावरचं गवत उपटत बसलो. चार वेळा मनात आप्पासाहेबांना उत्तर दिलं, फर्डं, टाळ्यांचं. आणि प्रत्येक वेळी समोर तो भिगवणचा माणूस येऊन उभा राहायचा. माझा अपमान मोठा होता, मान्य. पण आप्पासाहेबांनी माझा केला त्यापेक्षा मोठे अपमान मी स्वतः दुसऱ्यांचे करून ठेवले होते, हे मला तिथं कळलं. ज्ञान वगैरे काही झालं नाही. साधा हिशेब लागला. मी पोरांना माझी म्हणत होतो आणि डोक्याला हात लावून लावून त्यांना दुसऱ्याच्या दारात सोडत होतो.

त्या दिवशी ठरवलं. आता एकही पोर जाणार नाही.

*

मार्चात दहावीची परीक्षा सुरू झाली. मधल्या काळात ट्रॉली आली नव्हती. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांचा वाढदिवस होता. सकाळी मुख्याध्यापक बोर्डिंगवर आले. भला माणूस, पण कणा काढून कपाटात ठेवलेला.

"सर, दुपारी ट्रॉली येईल. चाळीस पोरं. दहावीचीच द्या म्हणालेत."

"उद्या पेपर आहे."

"चार तासांचा प्रश्न आहे. मोठी पोरं लागतात हो, टेबलं उचलायला. बारकी काय कामाची?"

"जाणार नाहीत."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. चोवीस वर्षांत हा शब्द त्यांनी माझ्याकडून ऐकला नव्हता. मग घाबरले. "सर, तुमची आठ वर्षं राहिलीत. कशाला?" मी म्हणालो, "तुम्ही निरोप दिलात. तुमचं काम झालं. जा."

दोन वाजता ट्रॉली आली. मी पोरांना प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसवून समरूप त्रिकोण शिकवत होतो. ड्रायव्हर दारात आला. "गुरुजी, पोरं?" मी म्हणालो, "नाहीत." तो म्हणाला, "मी काय सांगू तितं? मी हुकमाचा ताबेदार." मी म्हणालो, "मास्तरनं आडवलं म्हणून सांग." तो डोकं खाजवत रिकामी ट्रॉली घेऊन गेला. ट्रॉलीचा खडखडाट लांब जाईपर्यंत हॉलमध्ये कुणी वहीवर पेन टेकवलं नाही.

अर्ध्या तासानं आप्पासाहेब स्वतः आले. पांढरा कडक शर्ट, कपाळाला ओवाळल्याचं कुंकू. मागं चार माणसं आणि मुख्याध्यापक. पोरं सवयीनं उठून उभी राहिली.

"बसा रं," आप्पासाहेब म्हणाले. "काय मास्तर, रुसला का? ताटाचं मनाला लावून घेतलं? अहो, चला, आज शेजारी बसून जेवू आपण."

मी म्हणालो, "माझ्या ताटाचं काही नाही. पोरं येणार नाहीत."

"का?"

"उद्या पेपर हाय. आणि उद्या नसता तरी आली नसती."

आयुष्यभर मी या माणसासमोर पुस्तकी बोलत आलो होतो. त्या वेळी तोंडातनं आबांची भाषा आली. आल्यावर ती मी परत आत घेतली नाही.

ते जवळ आले. अत्तराचा वास आला. "मास्तर, तुमच्या बापानं मेंढरं राखली. तुमी पोरं राखली. राखणदारानं मालकाला आडवायचं नसतं. खाल्ल्या मिठाला जागा."

"मीठ थोरल्या आप्पांचं खाल्लं. ते पाटी स्वतः उचलायचं. आन् पोरं तुमच्या मालकीची न्हाईत. माझ्याबी न्हाईत. न्हाई जायची."

मला वाटलं आता ते हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं. पण आप्पासाहेब हुशार माणूस. ते हसले आणि पोरांकडं वळले.

"पोरांनो, मी कुणावर जुलूम करत न्हाय. ज्याला यायचंय त्यानं यावं. जेवाण गोडाचं हाय. ज्याला न्हाय यायचं त्यानं बसावं. नावं मुख्याध्यापक लिवून घेतील." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या साली धाकट्या भावंडांचं प्रवेश हायती बोर्डिंगात. समद्यांनाच जागा मिळत्यात असं न्हाय."

मुख्याध्यापकांनी खिशातनं पेन काढलं.

पहिला एक पोरगा उठला. मान खाली. त्याच्यामागनं दोन. मग चार एकदम. मी दारात उभा होतो. ती माझ्या अंगावरून जाऊ लागली. आडवू का? धरून ठेवू? मालक ओढणार एकीकडं आणि मी ओढणार एकीकडं, म्हणजे मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय उरला? मी दारातनं बाजूला झालो. अकरा पोरं गेली. अकरावा दत्ता होता. त्याचा धाकटा भाऊ सातवीत, याच बोर्डिंगात. दारात तो क्षणभर घुटमळला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो चप्पल शोधत होता.

एकोणतीस राहिली. मी फळ्याकडं वळलो आणि त्रिकोण पुरा केला. रेघ वाकडी आली. पहिल्या रांगेतल्या पोरानं उठून मला पट्टी दिली.

*

पुढचं लवकर झालं. आठवड्याच्या आत मला बोर्डिंगातनं काढलं. उजनीच्या पाण्याकडंला संस्थेची छोटी शाखा आहे, तिथं बदली. तिथं मला तास नाही, वर्ग नाही. मोडके बाक ठेवायची पत्र्याची खोली आहे, तिच्यात खुर्ची टाकून बसवलं. दहा ते पाच. शिपायाला ताकीद दिलेली, पोरांना माझ्याकडं जाऊ द्यायचं नाही. एप्रिलमध्ये पत्रा तापतो. खडू हातात घेतल्याशिवाय दिवस जातो कसा, हे मला पहिल्यांदा कळलं. घाम येतो, माश्या बसतात, शेजारच्या वर्गातला पाढा ऐकू येतो आणि कुणीतरी तो चुकीचा म्हणतं. उठून दुरुस्त करता येत नाही. लहान शिक्षा वाटते. वाटू द्या.

मग नोटीस आली. मी पोरांना अमानुष मारतो अशी तक्रार. खाली बावीस पोरांच्या सह्या. हॉलमध्ये बसून राहिलेल्या एकोणतिसांतल्या अकरा जणांच्याही त्यात होत्या. पहिली सही दत्ताची. त्याचं अक्षर मी ओळखतो, पाचवीत मी त्याचा हात धरून ते वळवलंय. मी पोरांना कधी मारलं नाही असं म्हणत नाही. छड्या दिल्यात. पण हे लिहिलं होतं ते खोटं होतं आणि ते दत्ताला माहीत होतं. चिडू कुणावर? वरून धाक आला की मान खाली घालून सही करायची, ही विद्या त्यानं दुसऱ्या कुणाकडनं शिकली?

परवा मुख्याध्यापक जळोचीला घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "सर, मी मधे पडलोय. आप्पासाहेब मोठ्या मनाचे आहेत. थोरल्या आप्पांच्या पुण्यतिथीला कार्यक्रम असतोच. सगळ्या पोरांसमोर तुम्ही त्यांच्या पायावर डोकं ठेवा. दोन वाक्यं बोला. चौकशी तिथंच मिटेल. बोर्डिंग पुन्हा तुमच्याकडं. मी शब्द देतो."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. एकशेसाठ डोकी माझ्या डोळ्यांपुढं आली. कुणाला ताप असेल. पाचवीतल्या पोरांची अंथरुणं आता कोण धूत असेल? एक डोकं टेकवलं की ती सगळी परत मिळत होती. बायको दारात उभी होती.

मी विचारलं, "आणि चार वाजता ट्रॉली येईल तेव्हा?"

मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. "ते चालायचंच, सर."

"मग मी तिथं कशाला येऊ? पोरं मोजून द्यायला?"

ते गेले.

उद्या दहा वाजता चौकशी आहे. समितीत तिघं, तिघंही आप्पासाहेबांच्या ताटातले. मला विचारतील, तुम्ही मारलंत का? माझ्या वकील मित्रानं बचावाचं चांगलं पत्र लिहून दिलं होतं. ते मी फाडलं. मी दुसराच कागद लिहिलाय. रात्री लपून नाही, दोन दिवस भर उजेडात बसून, त्याच पत्र्याच्या खोलीत. कोणत्या साली, कोणत्या कार्याला, कोणती पोरं मी कुठं पाठवली. डाळिंबाच्या बागेत कुणाच्या हाताला काटे लागले. सहामाहीच्या परीक्षेत कुणाला मोटारी धुवायला लावलं. माझी हजेरी डोक्यात असते, एक नाव चुकलेलं नाही. एक प्रत त्या तिघांना. एक शिक्षण खात्याला, पोचपावती घेऊन. बाकीच्या प्रती मी स्वतः घरोघरी नेऊन देणार, त्या पोरांच्या आईबापांना. सही करणाऱ्या बाविसांच्या घरीही. त्यांना मी एकही प्रश्न विचारणार नाही.

मित्र म्हणाला, "वेडा आहेस का? हे दिलंस तर आधी तूच अडकशील. नोकरी जाईल, पेन्शनचे वांधे होतील, वर गुन्हा दाखल होईल. त्यांना काही होणार नाही."

होईल. त्यांना होईल का, मला माहीत नाही. मला होईल, ते बरोबरच होईल. लोकांनी मला बिचारा म्हणू नये. बिचारं असायला हात स्वच्छ लागतात.

कागदाला मथळा नाही, विनंती नाही, 'आपला विश्वासू' नाही. वर लिहिलंय, 'या पोरांना राबवणाऱ्यांची नावं.' पहिलं नाव माझं आहे. दुसरं आप्पासाहेबांचं. उद्या ते मला कागद टेबलावर ठेवून जा म्हणतील. मी ठेवणार नाही. उभा राहून मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्या नावापासून.